कांडी संपली तरी धोटा फिरतोच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा कपाट आवरताना 2022 च्या फुटबॉल विश्वचषकाची कात्रणं हाती लागली. सगळी आपल्याच अंकातली. बाद फेरीच्या प्रत्येक बातमीखाली एक चौकट आहे : चेंडूचा ताबा, पास, कॉर्नर, फाउल. आधी चौकट वाचावी आणि मग वरचा निकाल बघावा, तर दोन वेगळ्या सामन्यांचे तुकडे चुकून एकाखाली एक लागलेत की काय असं वाटतं.

मी अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात अठ्ठावीस वर्षं उत्पादनाची वही लिहिली. जुन्या मागावर धोट्यात बसवलेल्या कांडीतलं (नळीवर गुंडाळलेलं) आडवं सूत संपलं की फोर्क नावाच्या काट्यानं माग थांबवायचा असतो. फोर्क बिघडलेला असला की माग थांबत नाही. धोटा खटाखट इकडून तिकडे जातो, धोट्याच्या फेऱ्या मोजणाऱ्या पिक काउंटरचा आकडा वाढत राहतो आणि कापडात बाण्याचा, म्हणजे आडवा, एक धागा पडत नाही. लांबून ऐकणाऱ्याला माग जोरात चाललाय असंच वाटतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही काउंटर बघून वही भरली होती. मुकादमानं मला मागापाशी नेलं, ताण्याच्या मोकळ्या उभ्या धाग्यांतून बोट आरपार काढलं आणि म्हणाला, "हे लिही की वहीत."

6 डिसेंबर 2022 ला स्पेन आणि मोरोक्कोचा सामना बघताना मला ते बोट आठवलं. स्पेननं 120 मिनिटांत हजारावर पास दिले. दिले कुणाला? रोद्री, लापोर्त, बुस्केट्स, पुन्हा रोद्री. मोरोक्कोनं अम्राबातला बचावफळीपुढं उभं करून मधली वाट बंद केली होती, कडेकडेनं काय फिरायचं ते फिरा म्हणाले. गोल शून्य. चार वर्षांपूर्वी रशियाविरुद्धही हेच झालं होतं. तेव्हाही पास हजारावर, आणि स्पेनच्या खात्यातला एकमेव गोल म्हणजे रशियाच्या इग्नाशेविचचा स्वयंगोल. दोन सामने, 240 मिनिटं, दोन हजारांवर पास, स्पेनच्या एकाही खेळाडूच्या नावावर गोल नाही. दोन्हीकडे शूटआउटमध्ये घरी. आपल्या बातमीत मात्र 'वर्चस्व गाजवूनही दुर्दैवी पराभव'. दुर्दैव कसलं हो? कांडी रिकामी होती.

बेरजेची दुसरी खोड जास्त वाईट आहे. 2014 च्या उपांत्य सामन्यात जर्मनीनं ब्राझीलला 7-1 नं चिरडलं. आपल्याकडे रात्री दीडला सुरू झाला होता तो. पूर्ण सामन्याची बेरीज केली तर गोलच्या दिशेनं फटके ब्राझीलचे जास्त! कारण 29व्या मिनिटालाच 5-0 झालं होतं. पुढं असलेला संघ चेंडू सोडून देतो, मागं असलेला मिळेल तिथून मारत सुटतो. साखळी सामन्यात एका गुणावर भागतं, बाद फेरीत भागत नाही. म्हणून बाद फेरीचा आकडा छापताना तो कुठल्या मिनिटाचा आणि तेव्हा गोलफलक काय होता, हे नसेल तर तो छापूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

18 डिसेंबरच्या अंतिम सामन्याच्या कात्रणाशेजारी मी तेव्हाच पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, ते तसंच देतो. "अर्जेंटिनाचा डी मारिया डावीकडे. पेनल्टी त्यानंच मिळवून दिली, दुसरा गोल त्याचाच. पूर्वार्धात फ्रान्सचा एकही फटका नाही. 41 मि. : जिरू, डेम्बेले बाहेर, कोलो मुआनी, थुराम आत. 64 मि. : डी मारिया बाहेर. 71 मि. : ग्रीझमन, थिओ बाहेर, कोमान, कामाविंगा आत. 80 मि. : कोलो मुआनीला पाडलं, एम्बापे पेनल्टी. 81 मि. : कोमाननं मेस्सीकडून चेंडू काढला, एम्बापे. 2-2." एवढ्यात सगळा सामना दिसतो. जे बदली आले त्यांनीच फ्रान्सला परत आणलं, आणि त्यांच्या उजव्या बाजूला नाचवणारा डी मारिया तोवर बाकावर बसला होता. ताब्याच्या टक्क्यांत यातलं काय दिसणार?

आता 'पेनल्टीची लॉटरी'. हा शब्द माझ्याकडच्या पाच कात्रणांत आहे. 2014 मध्ये कोस्टा रिकाविरुद्ध नेदरलँड्सच्या व्हॅन गालनी जादा वेळ संपता संपता गोलरक्षकच बदलला. क्रूल आला, पाचही वेळा बरोबर बाजूला झेपावला आणि दोन अडवल्या. 2006 मध्ये जर्मनीच्या लेमानच्या मोज्यात कोण कुठं मारतो याची चिठ्ठी होती. (कांबियासोचं नाव त्या चिठ्ठीत नव्हतं, तरी लेमाननं चिठ्ठी काढून वाचल्यासारखं केलं आणि त्याची अडवली. ही मात्र लॉटरी म्हणा हवं तर.) 2022 च्या स्पर्धेसाठी स्पेनचे तेव्हाचे प्रशिक्षक लुईस एन्रिके यांनी खेळाडूंना हजार पेनल्टींचा गृहपाठ दिला होता. मोरोक्कोच्या बोनोसमोर तिघांपैकी एकालाही घालता आली नाही, आणि हा बोनो स्पेनमध्येच सेव्हियाकडून खेळायचा. त्याच स्पर्धेत ब्राझीलनं क्रोएशियाविरुद्ध नेमारला पाचवा ठेवला. त्याची पाळी यायच्या आतच ब्राझील बाहेर. हे सगळे कुणीतरी घेतलेले निर्णय आहेत.

माझा पुतण्या मोबाइलवर एक्सजी, म्हणजे अपेक्षित गोल, दाखवतो. कुठून मारला, समोर किती जण, यावरून फटक्याला किंमत. पेनल्टीला पाऊण गोलाच्या आसपास. ताब्याच्या टक्क्यांपेक्षा हे पुष्कळ बरं. पण "काका, यांचं दीड होतं, त्यांचं अर्धं, म्हणजे हेच जिंकायला हवे होते" असं तो म्हणतो तेव्हा मी त्याला थांबवतो. एका ताग्यावरून मागाची परीक्षा होत नसते. क्रोएशियानं ब्राझीलविरुद्ध अख्ख्या सामन्यात गोलवर एकच फटका मारला, 117व्या मिनिटाला. पेत्कोविचचा. तो मार्किन्योसला लागून आत गेला.

2026 पासून विश्वचषकात 48 संघ, 104 सामने आणि बाद फेरीच 32 संघांची. चौकटीही तितक्याच वाढणार. तेव्हा विनंती एवढीच, की ताबा आणि कॉर्नर काढून तिथं फटक्यांची मिनिटं आणि बदली खेळाडू द्यावेत. जागेची अडचण सांगू नये. अंतिम सामन्याची आपली चौकट मी पट्टीनं मोजली आहे, माझी पेन्सिलीची नोंद तिच्यात बसून वर एक ओळ शिल्लक राहते.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस, सोलापूर