उडालेला थवा छापण्याआधी

संपादक महोदय,

थंडी पडली की आपल्या अंकात नांदूरमध्यमेश्वरच्या पक्ष्यांची छायाचित्रे दिसू लागतात. ती जरूर छापावीत. १९८६ पासून अभयारण्य असलेली आणि २०२० मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झालेली ही जागा आपल्याच निफाड तालुक्यात आहे, हे अनेकांना अशा छायाचित्रांमुळेच कळते. तक्रार आहे ती निवडीबद्दल. पाण्यावरून एकदम उठलेला प्रचंड थवा दिसला की तेच छायाचित्र मोठे लागते, आणि तसेच आपल्यालाही मिळावे म्हणून सुट्टीच्या दिवशी काठावर टाळ्या वाजतात, पाण्यात दगड पडतात, कोणी ड्रोनही वर सोडतो.

हाकललेला थवा जरा निरखून पाहिला तर ओळखू येतो. घाबरलेले पक्षी माणसापासून लांब पळतात, त्यामुळे जवळजवळ सगळ्यांच्या शेपट्या कॅमेऱ्याकडे असतात. वारकरी पक्ष्याला तर जागच्या जागी उडता येत नाही, त्याला आधी पाण्यावरून धावावे लागते. त्या धावेच्या फेसाळ रेघा काठाकडून आत, एकाच दिशेने गेलेल्या दिसल्या, तर काठावर कोणीतरी काहीतरी केले आहे असे खुशाल समजावे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यात शतकभर गाळ साचत गेला, त्यातून उथळ पाणी, बेटे आणि पाणवनस्पती तयार झाल्या. पक्षी इथे येतात ते चरायला. हजारो किलोमीटर उडून आलेल्या बदकांना परतीसाठी चरबी साठवायची असते, आणि प्रत्येक विनाकारण उड्डाणात ती खर्च होते.

उडते पक्षी न हाकलता मिळतात, आणि चांगले मिळतात. बदके, बगळे, चक्रवाक वाऱ्याकडे तोंड करून उठतात आणि तसेच उतरतात. म्हणून वारा आपल्या पाठीवर येईल अशी जागा धरावी. पक्षी समोरून, चेहऱ्यासकट मिळतो. सूर्यही पाठीशी असेल तर उत्तमच. थवाच हवा असेल तर दलदली भोवत्याची वाट पाहावी. हा शिकारी पक्षी पाणवनस्पतींवर अगदी कमी उंचीवरून घिरट्या घालतो आणि त्याला पाहून बदके आपणहून उठतात. बदकांसाठी शटर १/२५०० सेकंद ठेवावे, संथ पंखांच्या बगळ्यांना १/१२५० पुरते. गडद पाण्यावरचा पांढरा बगळा कॅमेरा हमखास जास्त उजळ करतो आणि पिसांचा पोत जातो. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा प्रकाश, दोन तृतीयांश ते एक स्टॉप (प्रकाशाचे माप) उणे करावे. उजळ आकाशातल्या काळ्या पक्ष्याला उलट एक स्टॉप अधिक लागतो.

पक्षी चरायचा थांबला, मान ताठ झाली, हळूहळू लांब पोहू लागला, की आपण जास्तच जवळ आलो आहोत. तिथून चार पावले मागे यावे. सकाळी उशिरा, ऊन तापल्यावर पाण्यावरची हवा लहरू लागते. मग पाचशे मिलिमीटरच्या लेन्सनेही लांबचा पक्षी दुधाळ आणि मऊ येतो. लेन्स बिघडली म्हणून दुकानात धावण्याआधी हे लक्षात घ्यावे. अंतर मोठे असेल तेव्हा उपाय एकच, लवकर पोहोचणे.

येवल्याकडे ममदापूरच्या काळविटांसाठी गाडी हीच लपण. काळविटांच्या मागे गाडी घालू नये, रस्त्यावरच थांबून इंजिन बंद करावे, कारण त्याच्या थरथरीने चित्र हलते. खिडकीच्या कडेवर दोन किलो तांदळाची पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी. पिशवी पाऊणच भरावी. गच्च भरली तर लेन्स तिच्यात रुतत नाही, घरंगळते.

प्राणिसंग्रहालयाची गोष्ट वेगळी. नाशिकचे लोक कात्रजला किंवा मुंबईला राणीच्या बागेत जातात (दोन्ही बुधवारी बंद असतात, हे फाटकापाशी पोहोचल्यावर कळू नये). तिथली मुख्य अडचण जाळीची. जाळी पुसट करायची तर अॅपर्चर (लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र) पूर्ण उघडे, लेन्स दोनशे मिलिमीटर किंवा जास्त, आणि प्राणी जाळीपासून शक्य तितका मागे असावा. कठड्यामुळे लेन्स जाळीला टेकवता येत नाही आणि कठडा ओलांडायचाही नाही. अशा वेळी सावलीत असलेला जाळीचा भाग शोधावा, कारण उन्हात चमकणारी तार चित्रावर पांढरट पडदा धरते. फोकस तारेवर अडकत असेल तर एकच फोकस बिंदू निवडावा किंवा हाताने फोकस करावा. काचेपुढे लेन्सच्या तोंडावरचे रबरी हूड काचेला अलगद टेकवावे आणि लेन्स सरळ धरावी. तिरक्या कोनातून जाड काच चित्र पुसट करते. फ्लॅश बंद. तो काचेवरून आपल्याकडेच परततो, आणि प्राण्याला त्रास होतो तो वेगळाच. प्राण्याने इकडे पाहावे म्हणून ओरडणे, काच वाजवणे किंवा खाऊ टाकणे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८ जे नुसार मनाई आहे.

आमची विनंती अशी. प्रत्येक छायाचित्राखाली पक्ष्याच्या किंवा प्राण्याच्या नावाबरोबर ठिकाण आणि तो मुक्त होता की बंदिस्त, हे छापावे. पिंजऱ्यातला बिबट्या जंगलातला म्हणून खपू नये. बंदिस्त असे स्पष्ट लिहिल्यास त्यात कमीपणा काहीच नाही. हाकललेल्या थव्यांना जागा देऊ नये. आणि घरट्यांची, अंड्यांची जवळून काढलेली छायाचित्रे, मग ती कितीही देखणी असोत, परत पाठवावीत. टिटवी उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर अंडी घालते, पोटाची पिसे पाण्यात भिजवून ती थंड ठेवते. माणूस जवळ थांबला की ती ओरडत घिरट्या घालत राहते आणि तेवढा वेळ अंडी उन्हात तापतात. वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच बसते.

– पक्षी छायाचित्रकार मित्र, नाशिक