परतीच्या दुपारी ताटात काय असावे?

मा. संपादक,

गौरी-गणपतीचे विसर्जन आटोपले की चाकरमान्यांच्या गाड्या भरल्या पोटी परतीला लागतात. पुढे मुंबई-गोवा महामार्गाचे कित्येक तास आणि दुपारची वेळ. स्टिअरिंगवर बसणाऱ्याच्या ताटाकडे घरच्यांनी त्या दिवशी जरा लक्ष द्यावे, म्हणून हे पत्र.

जेवल्यावर रक्त पोटाकडे धावते, मेंदूला कमी पडते आणि झोप येते, असे घरोघरी ऐकायला मिळते. आतड्यांकडचे रक्त वाढते हे खरे, पण निरोगी माणसाचे शरीर मेंदूचा पुरवठा सांभाळून असते. (वयस्कर माणसांचा रक्तदाब जेवणानंतर दोन तासांत उतरू शकतो. त्यांनी ताटावरून झटकन उठू नये.)

दुसरे कारण सांगतात ते ट्रिप्टोफॅनचे, म्हणजे प्रथिने ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी एकाचे. भात-गुळाने इन्सुलिन वाढते आणि ते बाकीची अमिनो आम्ले स्नायूंत ढकलते. ट्रिप्टोफॅन रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून मागे राहते, मेंदूत शिरताना त्याला फारशी स्पर्धा उरत नाही आणि तिथे त्याचे सेरोटोनिन हे झोपेशी संबंध असलेले रसायन बनते. हे खरेच घडते, पण जेवणात थोडी प्रथिने असली तरी त्याचा जोर ओसरतो. बांगड्याचे तिखले आणि भात जेवणाऱ्याला हे कारण फारसे लागू पडत नाही. नुसत्या मोदकांवर ताव मारणाऱ्याला अधिक.

आमच्या मते पहिला दोष जेवणाच्या आकाराचा. त्यात स्निग्धांश जास्त असला की आतड्यातून कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सुटते, पोट सावकाश रिकामे होते आणि सुस्ती रेंगाळते. मेंदूत जाग टिकवणाऱ्या ओरेक्सिन पेशी असतात. उंदरांवरच्या प्रयोगांत ग्लुकोजने त्या मंदावतात आणि अमिनो आम्लांनी चेततात असे दिसले आहे. शिवाय दुपारी साधारण 2 ते 4 या वेळात शरीराचे घड्याळच सैल पडते, अगदी उपाशी माणसाचेही.

आता ताट मोजू. शिजलेल्या भाताच्या एका वाटीत (150 ग्रॅम) सुमारे 40 ग्रॅम कर्बोदके असतात, मध्यम उकडीच्या मोदकात 20च्या आसपास. तीन वाट्या भात आणि पाच मोदक म्हणजे 220 ग्रॅम झाली. सारणातल्या 50 ग्रॅम ओल्या खोबऱ्यात 16-17 ग्रॅम स्निग्धांश, वर तुपाची धार निराळी. पातळ वरणातून मिळणारी प्रथिने यापुढे अगदीच तुटपुंजी.

गाडी चालवणाऱ्याला भात एक वाटी, मोदक दोन, तूप एक चमचा वाढावे. काळ्या वाटाण्याची किंवा वालाची उसळ मात्र दोन वाट्या. आधी उसळ आणि काकडीची कोशिंबीर, भात शेवटी, म्हणजे साखर हळू चढते. घरात उकडा तांदूळ असेल तर तोच लावा. तो पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळापेक्षा सावकाश पचतो, आणि चावून खावा लागत असल्याने हातही आवरतो. उरलेले मोदक डब्यात द्या. आग्रह करकरून पानात वाढणे त्या दिवशी नको.

निघायचे तर सकाळी हलका नाश्ता करून, नाहीतर 4 नंतर. वाटेत डोळे जड झाले तर काच खाली करणे आणि गाणी मोठ्याने लावणे कामाचे नाही. गाडी सुरक्षित जागी थांबवा, कॉफी प्या आणि लगेच 15-20 मिनिटे झोपा. कॅफिनचा अंमल चढायला तेवढाच वेळ लागतो. अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपलात तर उठल्यावर डोके जड राहते. भजनाच्या जागरणाने रात्रीची झोपच बुडाली असेल, तर ताट कितीही हलके ठेवून भागणार नाही. दुसऱ्याला चालवू द्या, नाहीतर एक दिवस उशिरा निघा.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी भात कमी करण्याआधी डोसाबद्दल डॉक्टरांना विचारावे. घाम, थरथर आणि गुंगी ही साखर उतरल्याची खूण असते. ती जेवणानंतरची झोप समजून गाडी पुढे दामटू नये.

– आहारशास्त्राचे अध्यापक, रत्नागिरी