फाटकाशी थांबलेला पोस्टमन

गिरगाव, मंगळवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तू पोचल्याचा मेसेज दादाने दाखवला. मला वेगळा आला नाही, म्हणजे राग अजून आहे. फोनवर आपलं पुन्हा वाजेल, म्हणून लिहायला बसले. अठ्ठावीस वर्षं टपालात लोकांची पत्रं लावली, स्वतः मात्र फार थोडी लिहिली. त्या चाचणीबद्दल या पत्रात एक अक्षरही काढायचं नाही असं ठरवलंय.

तुझा एक कागद इथे टेबलावर राहिला. निळ्यावर तपकिरी ठिपके. सुमामावशी म्हणाली, फोडणीत मोहरी तडतडावी तसं दिसतंय. मी तिला सांगितलं, अगं, निळ्या त्या गाठीच्या पेशी आणि तपकिरी त्या टी पेशी, आपल्या शरीराच्या राखणदार. मनू दिवसभर त्या मोजते. सांगताना माझा आवाज केवढा चढला होता! बाबा असते तर त्यांनी तो कागद शेजारच्या खोल्यांतून फिरवून आणला असता.

तिसऱ्या केमोच्या दिवशी परळला बसून तू मला हे सगळं पहिल्यांदा समजावलंस. त्या पेशी गाठीपर्यंत पोचल्या एवढंच पुरत नाही, त्या उभ्या कुठे आहेत ते बघायचं. भोवतालच्या धाग्यांत अडकल्यात, की कॅन्सरच्या पेशींच्या पुंजक्यात शिरल्यात? मी म्हटलं, पोस्टमन चाळीच्या फाटकाशीच थांबला तर पत्र आलं असं कोण म्हणेल? जिने चढून दारापर्यंत यायला हवा. तू हसलीस आणि म्हणालीस, हे मी आमच्या सरांना सांगणार. सांगितलंस का?

त्या दिवशी तू बोललेले आकडे मी दुधाच्या वहीत लिहून ठेवलेत. २००३ चा अमेरिकेतला अभ्यास, ओव्हरीचा कॅन्सर पुढच्या टप्प्यात गेलेल्या १८६ बायका. ज्यांच्या गाठीत या पेशी आत शिरलेल्या होत्या त्यांच्यातल्या ३८ टक्के पाच वर्षांनंतर हयात होत्या. ज्यांच्यात नव्हत्या, त्यांच्यातल्या साडेचार टक्के. मग २०१७ चा, साडेपाच हजारांहून जास्त बायकांचा. माझ्यासारखी गाठ असलेल्यांत या पेशी अजिबात नसतील तर निम्म्या बायका २.८ वर्षांच्या आत गेलेल्या, भरपूर असतील तर तोच आकडा ५.१ वर्षं. मी विचारलं, मग माझ्या गाठीत किती? तू सलाईनच्या थेंबांकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, आई, रोजच्या रिपोर्टात हे मोजत नाहीत, आणि तो हिशोब खूप बायकांचा मिळून असतो, एकीचा नसतो. मी पुन्हा विचारलं नाही. विचारणारही नाही.

दुसरं मात्र विचारलं होतं, की या पेशी कामाला लावायचं औषध का देत नाहीत? तू सांगितलंस, पेशींचा ब्रेक सोडवणारी औषधं फुप्फुसाच्या आणि कातडीच्या काही कॅन्सरमध्ये खूप चालली, ओव्हरीत तेवढी नाहीत. गाठीत दुसऱ्याही टी पेशी असतात, त्या राखणदारांनाच आवरून धरतात. दार का उघडत नाही तेच तू शोधतेयस. हे काम माझी मुलगी करते, हा विचार मनात आला की रात्रीची मळमळसुद्धा सोसवते.

खेडची आजी १९८६ मध्ये गेली. पोटात पाणी झालं होतं. सगळे म्हणायचे, गॅस धरलाय. मी तिला ओवा चावायला द्यायचे. दोन घासांत तिचं पोट भरायचं आणि मला वाटायचं जेवण आवडलं नाही. माझंही तसंच झालं, सहा महिने एका डॉक्टरांच्या ॲसिडिटीच्या गोळ्या. हा रोग लवकर पकडणारी खात्रीची तपासणी नाही, सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ताची तपासणी यांवर विसंबता येत नाही, हे तूच सांगितलंस. पकडता येतं ते रक्ताच्या चाचणीतलं बीआरसीए, म्हणजे आईबापांकडून मुलांत उतरणारा जनुकातला दोष. निम्मी निम्मी शक्यता, मनू. आणि तू एकतीस वर्षांची. असलंच तर ओव्हरी आणि नळ्या पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान काढायला सांगतात, म्हणजे विचार करायला वेळ आहे, मूल हवं असेल तर त्यालाही, पण आधी कळायला तर...

आले बघ तिथेच. ठरवूनही. तुलाच तुझा विषय शिकवायला निघाले, माफ कर.

त्या दिवशी टॅक्सी खाली उभी असताना तू म्हणालीस, दिवसभर परक्या बायकांच्या गाठी बघते, घरी आल्यावर माझीच तपासणी. आणि मी सुमामावशीसमोर तुला म्हटलं, तू घाबरतेस. ते बोलायला नको होतं. घाबरले मी आहे. माझा बीआरसीए-१ चा रिपोर्ट हातात आला तेव्हा स्वतःचं काही सुचलंच नाही. तुझं नाक माझं, केस माझे, पावसात शिंका येतात त्या माझ्या. हेही मीच दिलं असेल तर? दादाची चाचणी निगेटिव्ह आली तेव्हा तू तिकडून त्याच्यासाठी पेढे मागवलेस. तो डबा उघडताना तुझी चाचणी राहिलीय हे आम्हा दोघांनाही आठवलं, पण कोणीच बोललं नाही.

परवा गुरुवारी माझं रक्त द्यायचं आहे. मागच्या वेळी सीए-१२५ एकोणीस होतं, म्हणजे ठीक. ओलापॅरिबच्या, म्हणजे कॅन्सरच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ न चुकता घेते, अंगात थकवा आहे पण तीन जिने थांबत थांबत चढते. मेतकूट बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात आहे, तुला सापडलं नसेल.

चाचणी केलीस तर मला फक्त तारीख कळव. निकाल तुला वाटेल तेव्हा सांग, मी विचारणार नाही. आणि मेसेज मलाही करत जा.

तुझी,
आई