हापसा शिकवणाऱ्या सोलापूरच्या काकांना उघडं आभारपत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

जिल्हा परिषदेच्या हातपंप दुरुस्ती पथकातून निवृत्त झाल्यावरही तुम्ही स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी अंगणात हापसा मांडलात. युगांडाला इंटर्नशिपसाठी निघण्याआधी चार दिवस तो खोलून-जोडून दाखवलात आणि मानधनाचा विषयही काढू दिला नाहीत. हे पत्र उघडपणे लिहितोय, कारण असे आभार चारचौघांतच मानायला हवेत. शिवाय पुढच्या वर्षी एखाद्या सेवाभावी संस्थेबरोबर पाण्याचं काम करायला परदेशी जाणाऱ्या मुलामुलींच्या हातीही तुमचं शिकवणं पडावं.

उत्तर युगांडातल्या लिरा भागात जो हापसा ‘यू-टू’ म्हणून ओळखतात, तो आपलाच इंडिया मार्क टू. जालन्यात मिशनच्या लोकांनी बनवलेला पोलादी पंप, त्यावरून सोलापूर वेल सर्व्हिसने सुधारलेला साखळीचा पंप, आणि १९७०च्या दशकात युनिसेफ व भारत सरकारच्या प्रयत्नांतून आलेला मार्क टू, अशी ही वंशावळ. तुमच्या अंगणात हाताळलेली साखळी, तीच दोन ६२०४ नंबरची बेअरिंगं, हँडलची हालचाल खाली नेणारे तेच १२ मिलिमीटरचे रॉड आणि बोअरमध्ये खोलवर पिस्टन धरून बसलेलं ६३.५ मिलिमीटर आतल्या व्यासाचं सिलिंडर तिथे जसंच्या तसं भेटतं. लिऱ्यात पहिल्या दिवशी पाना कुठे लावायचा हे विचारावं लागत नाही, याचं श्रेय तुमचं.

पण तुमचं सगळ्यात मोलाचं वाक्य होतं, “पंप तोच असंल, पाणी तेच नसंल. आधी पाणी बघा.” सोलापूरच्या काळ्या पाषाणातलं पाणी बहुधा जड आणि किंचित अल्कधर्मी असतं, त्यात गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप वर्षानुवर्षं टिकतो. युगांडाचा बराच भाग जुन्या, कुजलेल्या स्फटिकी खडकावर आहे आणि तिथलं भूजल पुष्कळ ठिकाणी आम्लधर्मी. पीएच (आम्लतेचं माप, ७च्या खाली आम्ल) ६.५च्या खाली गेला की जस्ताचा थर फार काळ तग धरत नाही. एक-दोन वर्षांत पाइपाला भोकं पडतात, आटे झिजतात, पाणी तांबडं येतं आणि बाया पुन्हा दलदलीतलं पाणी भरू लागतात. म्हणूनच युगांडा सरकारने २०१६ मध्ये हापशांसाठी गॅल्व्हनाइज्ड पाइप वापरणं थांबवलं. जुने पाइप मात्र अजून पुष्कळ बोअरमध्ये लटकलेले आहेत, आणि इंटर्नच्या वाट्याला येतात ते हेच.

पीएच हापशाजवळच मोजायचा, बाटली भरून गावात नेऊन नाही, हा तुमचा आग्रह किती बरोबर होता! जमिनीतून आलेल्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच वर चढतो आणि कागदावर पाणी निर्दोष दिसतं.

तांबडं पाणी पाइपाचं की जमिनीचं, हे ओळखायची तुमची रीत तर प्रत्येक इंटर्नने पाठ करावी. ३२ मिलिमीटरच्या पाइपात मीटरमागे साधारण एक लिटर पाणी मावतं, म्हणजे तीस मीटर खोल सिलिंडर असेल तर रात्रभर पाइपात सुमारे ३० लिटर पाणी मुरत पडतं. तिथे पाणी भरायचा पिवळा जेरीकॅन २० लिटरचा. पहाटे कोणी हात लावायच्या आधी हापसायला सुरुवात करायची. पहिले दोन कॅन तांबडे आणि पुढचे निवळत गेले, तर पाइप गंजतोय. दहाव्या कॅनलाही रंग तसाच असेल, तर लोह जमिनीतलं आहे आणि नवा पाइप घालून उपयोग नाही.

हीच गोष्ट मोजून दुखणं ओळखण्याची. मोजमापाची उपकरणं तिथे मिळतीलच असं नाही, जेरीकॅन मात्र प्रत्येक घरात असतो. ६३.५चं सिलिंडर आणि पिस्टनचा १२५ मिलिमीटरचा झोका, म्हणजे एका हापसण्याला सुमारे ०.४ लिटर. २० लिटरचा कॅन पन्नासेक वेळा पूर्ण हापसलं की भरला पाहिजे. सत्तर लागले आणि पाणी मात्र पहिल्यापासून येतंय, तर पिस्टनचे वॉशर झिजले. त्यानंतर अर्धा तास कोणाला हात लावू द्यायचा नाही आणि पुन्हा हापसायचं. पाचांच्या आत पाणी आलं तर ठीक. त्याहून जास्त लागले तर पाणी खाली गळतंय, फुट व्हॉल्वमधून (सिलिंडरच्या तळाची झडप) किंवा पाइपातून. हँडल एकदम हलकं पडलं आणि पाणीच नाही, तर रॉड तुटला किंवा कपलिंग सुटलं. आणि पहिले काही कॅन झकास भरले, मग पंप हवा ओढायला लागला, थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला, तर पंपाला काही झालेलं नाही. बोअरची पातळी सिलिंडरखाली जातेय. खोली आणि झरा पाहून एखादा पाइप वाढवता येतो का, तेवढंच बघायचं.

फुट व्हॉल्व की भोक, याचा निकाल पाइप उपसताना लागतो. हापशाची वरची टाकी उचलली की आधी दोरी सोडून बोअरमधली पातळी मोजायची. पाइप सुटा करताना आतलं पाणी त्याच पातळीला उभं असेल तर फुट व्हॉल्वकडे बघा. पातळीच्या बरंच वर, समजा वरचे तीन कोरडे आणि चौथ्यात पाणी असं अडकलेलं असेल, तर भोक तिथेच आसपास आणि व्हॉल्व शाबूत. हे न बघता सगळे पाइप घाईने बाहेर काढून गवतावर टाकले, की पुरावाच गेला.

उपसण्यापूर्वी वजनाचा हिशोब करायला लावायचात, तोही इथे सांगतो. मध्यम वर्गाचा ३२चा पाइप मीटरला तीन किलोच्या वर भरतो. तीस मीटरचे जवळजवळ ९५ किलो, रॉडचे २७, आतल्या पाण्याचे सुमारे ३०, वर सिलिंडर. म्हणजे दीडशे किलोहून जास्त वजन गंजक्या आट्यांवर लटकलेलं. दोन माणसं आणि उत्साह यांच्या जिवावर हे करू नये. पाइप धरून ठेवणारा क्लॅम्प घासलेला असेल तर काम थांबवावं. क्लॅम्प निसटून पाइपांची अख्खी लड बोअरमध्ये गेली की ती काढायला वेगळी हत्यारं लागतात, आणि ती मिळेपर्यंत सगळं गाव तहानलेलं राहतं.

परत जोडताना सगळ्यात जास्त चूक होते ती वरच्या रॉडच्या कापणीत. पिस्टन पार तळाला टेकलेला असताना टाकीच्या वरच्या फ्लँजच्या (बोल्टच्या कडेच्या) पातळीला रॉडवर खूण करायची, मग रॉड उचलून कापायचा आणि आटे पाडायचे. लांब राहिला तर खालच्या टोकाला साखळी सैल पडून झटके बसतात. आखूड झाला तर पिस्टन सिलिंडरच्या वरच्या टोपीवर आदळतो. पाडलेल्या आट्यांचा कीस पुसून टाकायचा, आणि साखळीला ग्रीस हाताने चोळून लावायचं. बेअरिंगं बदलायची तर जोडीने.

पाइप खरेदीबद्दलचे तुमचे दोन सल्ले संस्थेच्या खरेदी करणाऱ्याच्या टेबलावर चिकटवून ठेवावेत असे आहेत. गॅल्व्हनाइज्ड पाइप घ्यायचाच असेल (युगांडाबाहेर, आणि पीएच ७च्या वर असेल तरच), तर तीन मीटरचा नग तराजूवर ठेवायचा. नऊ किलोच्या आत भरला तर तो हलक्या वर्गाचा. आणि स्टेनलेस स्टीलला चुंबक चिकटलं नाही म्हणजे ते चांगल्या, ३०४ प्रतीचं असेलच असं नाही, २०२ या हलक्या प्रतीलाही चिकटत नाही. कारखान्याचा दाखला मागायचा. स्टेनलेसचे आटे कोरडे फिरवले की एकमेकांत घट्ट अडकून बसतात, म्हणून वंगणाशिवाय जोडायचे नाहीत. एकाच लडीत अर्धे स्टेनलेस आणि अर्धे गॅल्व्हनाइज्ड तर कधीच नाही, सांध्याजवळचा गॅल्व्हनाइज्ड पाइप आणखी झपाट्याने खाल्ला जातो. पैसे वाचवायला नेमकं हेच केलं जातं.

दुरुस्तीनंतर बोअर निर्जंतुक करणंही तुम्ही सोडू दिलं नाहीत. १२५ मिलिमीटरच्या बोअरमध्ये मीटरला सव्वाबारा लिटर पाणी. तीस मीटर पाणी उभं असेल तर सुमारे ३७० लिटर. लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन धरलं तर १८-१९ ग्रॅम लागतं, म्हणजे आपली ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर ५५ ग्रॅमच्या आसपास, आणि ६५ टक्क्यांची पावडर असेल तर २८-२९ ग्रॅम. डब्यावरची टक्केवारी न वाचता आपल्या सवयीने टाकली की मात्रा दुप्पट होते. रात्रभर ठेवायचं, हापशाला दोरी बांधून ठेवायची, आणि सकाळी वास जाईपर्यंत उपसून टाकायचं.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही तुमचे सगळ्यात जास्त ऋणी आहोत ती. आपल्याकडे पथकाची गाडी येते. तिथे हापसा दुरुस्त करणारा मेकॅनिक बहुतेकदा स्वतंत्र कारागीर असतो, सायकलवर किंवा बोडा-बोडावर (भाड्याच्या मोटरसायकलवर) हत्यारं बांधून येतो, आणि गावची पाणी समिती घराघरातून वर्गणी काढून त्याला पैसे देते. परदेशातून आलेल्या इंटर्नने फुकट दुरुस्ती करून दिली, तर पुढच्या वेळी समिती त्याला पैसे का देईल? तो धंदा सोडेल, आणि इंटर्न दहा आठवड्यांनी विमानात बसलेला असेल. “तिथल्या मिस्त्रीच्या हातातला पाना घेऊ नका, त्याच्या मागं उभं राहून वही लिवा,” असं तुम्ही बजावलं होतंत. संस्था सुट्या भागांचा खर्च उचलत असली तरी मजुरी समितीनेच द्यावी, हे आमचंही ठाम मत झालंय.

आणि ती वही! गाव, खोली, पाइप किती, रॉड किती, वॉशर कधी बदलले, कॅनला किती हापसे लागले, पीएच किती: तुमच्या तीस वर्षांच्या नोंदींचे हेच रकाने इंग्रजीत आणि तिथल्या लांगो भाषेत उतरवून प्रत्येक हापशाची एक वही करता येते. एक प्रत समितीकडे, एक मेकॅनिककडे. इंटर्नने मागे ठेवण्यासारखं यापेक्षा उपयोगी काही आम्हाला सुचत नाही.

जाणाऱ्यांसाठी एक आठवण: पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रात घ्यावी आणि ते पिवळं कार्ड परतताना हातातल्या पिशवीत ठेवावं, भारतात उतरल्यावरही ते तपासतात.

काका, तुमच्यासाठी गंजलेल्या पाइपाचा वीतभर तुकडा आणलाय, उभा चिरून. सांध्यापासून चार बोटांवर भोक आहे. आतून खाल्लाय की बाहेरून, यावर आमच्यात एकमत नाही. येत्या रविवारी घेऊन येतो, तुम्ही बघून सांगा.

तुमचे,
स्थापत्य अभियांत्रिकीचे विद्यार्थी, पुणे