शब्द मोजू नका, खोळंबलेली नामे मोजा

संपादक महोदय,

वृत्तपत्रांची भाषा सोपी करायची तर वाक्ये छोटी करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. मेंदू वाक्य कसे लावतो हे पाहिले, तर हा सल्ला अर्धाच खरा आहे. हे वाक्य वाचा:

‘अध्यक्षांनी समितीने लेखापरीक्षकांनी दिलेल्या अहवालावर केलेल्या शिफारशी फेटाळल्या.’

शब्द जेमतेम आठ, व्याकरणही चोख. तरी वाचणारा अडखळतो. आता तेच आठ शब्द जागा बदलून:

‘लेखापरीक्षकांनी दिलेल्या अहवालावर समितीने केलेल्या शिफारशी अध्यक्षांनी फेटाळल्या.’

एकही शब्द कमी झालेला नाही, तरी वाक्य सरळ लागते. मेंदू वाक्य संपायची वाट पाहत बसत नाही, शब्द येईल तसा जोडत जातो. ‘अध्यक्षांनी’ म्हटले की यांनी काहीतरी केले, हे कळते आणि मेंदू क्रियापदाची वाट पाहू लागतो. पहिल्या वाक्यात क्रियापद यायच्या आत आणखी दोन कर्ते येतात, तेही तशाच ‘-ने’, ‘-नी’च्या वेशात. तिघांना रांगेत उभे करून मग क्रियापदे उलट्या क्रमाने वाटायची: ‘दिलेल्या’ शेवटच्याला, ‘केलेल्या’ मधल्याला, ‘फेटाळल्या’ पहिल्याला. तिन्ही नामांचा प्रत्यय सारखाच असल्यामुळे कोणाचे काय यात गफलत होते. दुसऱ्या वाक्यात प्रत्येक कर्त्याला त्याचे क्रियापद लगेच भेटते.

ही जुळवाजुळव किती झपाट्याने चालते, हे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मोजता येते. ‘त्याने दाराला ढग लावला’ अशा अर्थाने विसंगत शब्दावर साधारण 400 मिलिसेकंदांनी मेंदूत एक ऋण विद्युत लहर उमटते. कुटास आणि हिलयार्ड या संशोधकांनी ती 1980 साली नोंदवली. ‘मुलगी बाहेर गेला’ अशा प्रकारच्या मेळ चुकलेल्या रचनेवर मात्र 600 मिलिसेकंदांच्या आसपास धन लहर दिसते. चूक व्याकरणाची नसली, तरी बांधलेली रचना मोडून पुन्हा लावावी लागते तेव्हाही ती दिसते. बोलण्यात सेकंदाला दोन-तीन शब्द जातात. म्हणजे ही दुरुस्ती सुरू होईपर्यंत बोलणारा एक-दोन शब्द पुढे गेलेला असतो.

कर्ता आणि क्रियापद यांच्यातल्या नुसत्या अंतराला दोष देण्यातही अर्थ नाही. हिंदीत आणि जर्मन गौणवाक्यांत क्रियापद शेवटी येते. तिथल्या प्रयोगांत काही वेळा असे आढळले, की मध्ये मजकूर वाढल्यावर क्रियापद उलट लवकर वाचले गेले, कारण तोवर काय येणार याचा अंदाज पक्का झालेला होता. मराठीतला ‘-ने’ही असाच सूचक आहे: कर्त्याला तो लागला की पुढे बहुधा भूतकाळी सकर्मक क्रियापद येणार किंवा ‘करावे’सारखे रूप. (‘मी’, ‘तू’ला तो लागत नाही, हा मराठीचा खास खोडसाळपणा.)

प्रत्यय किती भार वाहतात, ते वाचाघाताच्या (अफेजियाच्या), म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा बिघडलेल्या रुग्णांत उघडे पडते. व्याकरण ढासळलेल्या रुग्णाला ‘दार मुलाने उघडले’ समजते, कारण दार मुलाला उघडू शकत नाही. ‘मुलाला मुलीने ढकलले’ इथे मात्र अर्थ मदतीला येत नाही, सगळी भिस्त ‘-ला’ आणि ‘-ने’वर. घोटाळा होतो तो इथे. कॅरामाझ्झा आणि झुरिफ या संशोधकांनी 1976 मध्ये इंग्रजी वाक्यांवर नेमका हाच फरक दाखवला होता, तोही ‘ब्रोका’ प्रकारच्या, म्हणजे बोलणे बिघडले पण समज शाबूत आहे असे मानल्या जाणाऱ्या रुग्णांत. त्यामुळे मेंदूतला ‘ब्रोका भाग बोलण्याचे केंद्र, वेर्निके भाग समजण्याचे’ हे दोन ठिपक्यांचे चित्र आता तरी छापू नये. ज्यांचे नाव त्या भागाला पडले, त्या डॉक्टर ब्रोका यांनी 1861 मध्ये तपासलेल्या रुग्णाच्या जतन केलेल्या मेंदूचे एमआरआय चित्रण 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. इजा त्या भागापुरती नव्हती, खोलवरच्या तंतूंपर्यंत गेली होती.

उपसंपादकांसाठी कसोटी सोपी आहे. मजकुरातल्या ‘-ने’, ‘-नी’च्या कर्त्यांखाली रेघ मारा. ‘चाकूने’, ‘रेल्वेने’ अशी साधने सोडून द्या. मध्ये क्रियापदाचे रूप न येता दोन कर्ते लागोपाठ आले तर चालते: ‘पोलिसांनी चोराने वापरलेली गाडी जप्त केली’ कोणालाही समजते. तिसरा आला की सगळ्यात पहिला कर्ता उचलून त्याच्या क्रियापदाला चिकटवा. बातमी मोठ्याने वाचून दाखवायची असेल, तर दोनच कर्ते लागोपाठ आले तरी पहिला हलवा. वाचकाची नजर मागे जाऊ शकते, ऐकणाऱ्याला ती सोय नाही.

– एक वाचक