कोरडे मोजे

प्रिय मीरा,

काल तू फोन टेबलावर तसाच ठेवून मैत्रिणींशी बोलत होतीस आणि मी इकडून ऐकत होते. सामानाची यादी चालली होती. तंबू कुणी आणायचा, स्टोव्ह कुणाचा. मग कुणीतरी विचारलं, "आणि वारा सुटला तर?" त्यावर तू आपल्या घरातली ती गोष्ट सांगितलीस. "माझी आई एकदा इतकी घाबरली होती, की आम्ही दोन दिवस नाइफ लेकवर नुसते बसून होतो." सगळ्या हसल्या.

मला राग आला नाही. सोळा वर्षं ही गोष्ट आपल्या घरात अशीच सांगितली जाते आणि मीही ती कधी दुरुस्त केली नाही. बाबा सांगायचा, तू हसायचीस, मला ते बघायला आवडायचं. पण आता बाउंडरी वॉटर्सचं, मिनेसोटातल्या त्या तळ्यांच्या रानाचं, परमिट तुझ्या नावावर आहे. तुझ्यासकट पाच मुली, दोन कनू, म्हणजे वल्ह्यांच्या हलक्या होड्या, घेऊन तुम्ही निघणार आहात. निघण्याआधी ती गोष्ट तुला माझ्याकडून पुरती कळावी, असं रात्रभर वाटत राहिलं.

२००९ च्या ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. तू आठ वर्षांची होतीस. मूस लेकवरून आपण निघालो. न्यूफाउंड, मग सकर. तिथपर्यंत छोट्या मोटरबोटींना परवानगी आहे, त्यामुळे मधूनमधून इंजिनाचा आवाज यायचा. त्यापुढे बर्चवर आवाज संपला आणि तू कनूच्या मधोमध थैलीवर बसून एकदम हळू आवाजात बोलायला लागलीस, देवळात बोलतात तसं. कुणी तुला सांगितलं नव्हतं. तिथली शांतता आपोआप आलेली नाही, हे मला नंतर कळलं. १९४९ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमननी हुकूम काढून त्या भागावरून कमी उंचीवर उडणारी विमानं बंद केली. त्याआधी मासेमारीला येणारे लोक विमानानं थेट तळ्यात उतरायचे.

पुढे कार्प, मेलन, सीड अशी छोटी छोटी तळी आणि मधे पोर्टेज, म्हणजे कनू आणि सामान उचलून पुढच्या तळ्यापर्यंत चालायची वाट. नकाशावर पोर्टेजची लांबी रॉडमध्ये दिलेली असते. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळपास आपल्या कनूएवढा. तू ते ऐकलंस आणि प्रत्येक वाटेवर किती कनू एकापुढे एक मावतील ते मोजत चाललीस. बाबाच्या खांद्यावर उलटी कनू, माझ्या पाठीवर मोठी थैली, आणि तुझ्या हातात तीन वल्ही. ती तू एकदाही खाली ठेवली नाहीस. आपले बूट पहिल्या दिवशी भिजले ते परत येईपर्यंत ओलेच राहिले. कनूचा तळ दगडावर घासू नये म्हणून गुडघाभर पाण्यातच उतरायचं असतं, तिथं बूट वाचवणाऱ्याची कनू वाचत नाही. म्हणून प्रत्येकाचा एक जोड लोकरीचे मोजे थैलीच्या तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेले. ते फक्त मुक्कामावर, दिवसाची वल्ही ठेवल्यावर घालायचे. हा बाबाचाच नियम.

नाइफ लेकवर आपण आइल ऑफ पाइन्सपाशी थांबलो होतो, आठवतं? तिथं डोरोथी मॉल्टर राहायची. शिकलेली नर्स. १९३० च्या दशकात आली आणि १९८६ च्या डिसेंबरात वारली तोवर तिथंच राहिली, बरीच वर्षं एकटी. विमानं बंद झाल्यावर तिच्याकडे येणारी सोड्याची खोकीही बंद झाली. मग ती स्वतःच रूट बिअर, म्हणजे बिनदारूचं गोड पेय, बनवायला लागली आणि हिवाळ्यात तळ्यातून कापून ठेवलेल्या बर्फात ती गार करून कनूवाल्यांना द्यायला लागली. १९६४ च्या कायद्यानं तो प्रदेश राखीव झाला. तिथं वस्ती चालणार नव्हती, पण तिच्यासाठी लोकांनी इतका आग्रह धरला की सरकारनं तिला मरेपर्यंत राहू दिलं. तू मला विचारलंस, "तिला एकटीला भीती नाही वाटायची?" मला उत्तर सुचलं नव्हतं. मी म्हटलं, "वाटत असेल." तू म्हणालीस, "मग ती राहिली कशी?"

तिथून थोडं पुढे, मिनेसोटाच्या काठावर आपला मुक्काम होता. समोरचा काठ कॅनडाचा. लोखंडी जाळीची चूल, मागे झाडीत भिंती नसलेला संडास, आणि पाण्यात उतरत गेलेला सपाट खडक. तुला त्या खडकाच्या चिपा आवडायच्या. गडद, काचेसारख्या धारेच्या. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी त्याच दगडाची हत्यारं केली, हे बाबानं सांगितल्यावर तू खिसे भरलेस, आणि तो दगड तिथलाच आहे म्हटल्यावर सगळे रिकामेही केलेस.

परत निघायच्या दिवशी पहाटेपासून लाल पाइनचे शेंडे गर्जत होते. पश्चिमेचा वारा, म्हणजे आपल्याला जायचं त्याच दिशेकडून, समोरून येणारा. बाबा काठावर उभा राहून म्हणाला, "पाणी ठीक आहे." आणि काठाजवळचं पाणी खरंच ठीक होतं! आपली जागा टेकाडाच्या आडोशाला होती. तिथं नुसत्या बारीक सुरकुत्या दिसत होत्या. पण मी पातेलं घेऊन दोनशे पावलं चालत काठाच्या टोकापर्यंत गेले होते. टोकापलीकडे मैलभर तरी मोकळं पाणी होतं आणि त्यावर प्रत्येक लाटेला पांढरा फेस होता. वाऱ्याला जितकं लांब मोकळं पाणी मिळतं, तितकी लाट वाढत जाते. काठावर, आडोशाला उभं राहून ती मोजता येत नाही.

हा सगळा वाद त्या दोनशे पावलांचा होता, मीरा. बाबानं एक पाणी पाहिलं होतं, मी दुसरं.

त्याचीही बाजू सांगते, कारण ती खोटी नव्हती. सोमवारी त्याला कामावर हजर व्हायचं होतं आणि आपण वेळेत परतलो नाही तर घरी लोक काळजी करतील, हे आम्हा दोघांना माहीत होतं. फोन लागत नव्हता. जेवण जेमतेम एक दिवसाचं उरलं होतं. ऑगस्टचं पाणी जीवघेणं गार नसतं, लाइफ जॅकेट तिघांच्याही अंगावर असणार, आणि तो माझ्यापेक्षा कितीतरी चांगला वल्हवतो. आम्ही बोलत असतानाच दोन कनू समोरून गेल्या. चार तरुण मुलं होती, गुडघ्यांवर बसून वल्ही मारत होती. कनूचं नाक लाटेवर चढायचं, आपटायचं, पुन्हा चढायचं. बाबा म्हणाला, "बघ. जातायत ना."

मी त्यांच्याकडे बघितलं नाही, आपल्या कनूकडे बघितलं. दोन मोठी माणसं, एक मूल आणि सगळं सामान चढल्यावर तिची कड आणि पाणी यात वीतभर अंतर उरायचं, जास्त नाही. त्या मुलांची कनू निम्म्यानं रिकामी होती. आणि तू मधे बसायचीस. तुझ्या दोन्ही बाजूंना धरायला काही नव्हतं.

मला मोठ्यानं भांडता आलं नाही. तू ऐकत होतीस. मी खडकावर बसले, बुटांच्या नाड्या सोडल्या, ओले मोजे पिळले आणि थैलीच्या तळाशी हात घालून कोरडे मोजे काढले. माझी बोटं इतकी थरथरत होती की डाव्या पायाचा मोजा टाचेवरून सरकेना. ते तू पाहिलंस. त्यावरूनच तू "आई घाबरली" म्हणालीस, आणि खरंच होतं ते. मी घाबरले होते. पण तुला वाटलं मी घाबरले म्हणून मोजे घातले. मी पाणी पाहून आले होते, वजनाचा हिशेब केला होता, आणि मग माझा निर्णय झाला होता. भीती त्या सगळ्यात होती, पण तिनं माझे डोळे मिटले नव्हते. उलट तिच्यामुळंच मी टोकापर्यंत चालत गेले.

बाबा बराच वेळ माझ्या पायांकडे बघत उभा राहिला. मग त्यानं कनू उचलली, झाडीत नेऊन उलटी ठेवली आणि दोन झाडांना बांधली. माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलला नाही.

ती चार मुलं सुखरूप पोचली असणार. वाटेत कुठं काही झाल्याचं आपल्या कानावर आलं नाही. म्हणजे आपणही कदाचित पोचलो असतो. मी बरोबर होते याचा पुरावा मला कधीच मिळाला नाही, आणि म्हणूनच "आई घाबरली" एवढंच उरलं. जे न थांबता बुडाले त्यांची गोष्ट होते. जे थांबले आणि काहीच झालं नाही, त्यांचं लोक हसून सांगतात. तुझ्यावर ही वेळ आली तर तुलाही पुरावा मिळणार नाही. उलट त्याच दिवशी कुणीतरी समोरून निघून जाईल.

ते दोन दिवस तुझ्या आठवणीत कसे आहेत मला माहीत नाही. माझ्या आठवणीत तू खडकावर पालथी पडलेली आहेस आणि आडोशाच्या पाण्यातला लून पक्षी बघते आहेस. तो बुडी मारायचा आणि तू आकडे मोजायचीस. एकदा अठ्ठ्याऐंशीपर्यंत पोचलीस आणि तो पार पलीकडच्या लव्हाळ्यापाशी वर आला. जेवण आम्ही अर्धं अर्धं केलं. भात पातळ करत गेलो. तुझ्या वाटीत कमी पडू दिलं नाही, पण दुसऱ्या रात्री तू स्वतःच म्हणालीस, "मला एवढं नको." मग रात्री वारा असूनही आभाळ स्वच्छ झालं आणि आकाशगंगा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत दिसली. २०२० मध्ये त्या प्रदेशाला अंधाऱ्या आकाशाचं अभयारण्य म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. ती बातमी वाचताना मला तीच रात्र आठवली. बाबा तेव्हा माझ्या शेजारी येऊन बसला होता. काही म्हणाला नाही. माझ्या हातात चहाचा कप दिला.

तिसऱ्या दिवशी साडेचारला त्यानं आपल्याला उठवलं. पाइनचे शेंडे हलत नव्हते. पाण्यावर धुकं, आणि वल्ह्यावरून ठिबकणाऱ्या थेंबाचाही आवाज येत होता. ऊन वर यायच्या आत आपण नाइफ लेक पार केला. सीडच्या पोर्टेजवर कनू खाली ठेवून बाबा तुला म्हणाला, "आता बोल मोठ्यानं, काय बोलायचं ते." आणि तू बोललीस, थेट मूस लेकपर्यंत.

त्यानं मला कधी "तू बरोबर होतीस" असं म्हटलं नाही. पण पुढच्या वर्षी जेवणाची यादी त्यानं केली. खाली, वेगळ्या ओळीत, त्याच्या अक्षरात लिहिलं होतं: वाऱ्यासाठी, दोन दिवस. तेव्हापासून प्रत्येक यादीत ती ओळ आहे. सुट्टीही तो तेवढी जास्त टाकतो.

तू मेच्या शेवटी जाणार आहेस. तळ्यांवरचा बर्फ जाऊन तेव्हा जेमतेम महिना झालेला असतो. हवा छान असेल, तुम्ही अर्ध्या बाह्यांत वल्हवाल, पण पाणी ऑगस्टचं नसेल. अशा पाण्यात पडलं की पहिल्या मिनिटात श्वास आवरत नाही. दहाएक मिनिटांत हातातलं बळ जातं. पोहता येणाऱ्यांचंही. तेव्हा मोठं पाणी पहाटे पार करा, काठाकाठानं जा, लाइफ जॅकेटची चेन वरपर्यंत लावलेली असू द्या. आणि सकाळी काठाजवळचं पाणी बघून ठरवू नका. कुणीतरी टोकापर्यंत चालत जा.

अजून एक. पाचजणींत एखादी अशी असेल जी गप्प होईल, कारण बाकीच्या चौघी तयार आहेत. तू तिच्याकडे बघ. ती बोलायची वाट बघू नकोस, तिला विचार. मला त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर नाडी सोडताना माझे हात एवढे थरथरले नसते. आणि ती गप्प होणारी तूच असलीस तरी परमिट तुझ्या नावावर आहे म्हणून गप्प राहू नकोस.

घरी किती वाजता फोन येणं अपेक्षित आहे ते कागदावर लिहून दे. त्यात वाऱ्याचे दोन दिवस धर, म्हणजे तुला घाई नाही आणि मला धास्ती नाही. यादी सोबत पाठवतेय. बाबानं काल रात्री ती नव्यानं उतरवली, शेवटची ओळ तशीच ठेवून. हिरव्या थैलीच्या तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत लोकरीचे पाच जोड मोजे आहेत. मी धुऊन, उन्हात वाळवून ठेवलेत.

तुझी,
आई