शिराळ्याच्या अण्णांना: रिकाम्या स्वॅबबद्दल आभार

सांगली

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

घरात शिरलेला नाग बाहेर काढला की लोक सर्पमित्राचे आभार मानतात. आमचं हे पत्र त्यानंतरच्या कामाबद्दल आहे. रस्त्यात चाकाखाली आलेली धामण, ऊसतोडणीत कोयत्याखाली सापडलेली घोणस, यांचे जे नमुने तुम्ही वनविभागाची परवानगी जोडून पाठवता, त्यांच्याबद्दल. सरपटणाऱ्या प्राण्यांना होणाऱ्या विषाणूंची जनुकं वाचणं हे आमचं काम. यंत्र काय, नळीत असेल ते वाचतं. ते आलं कुठून, हे तुमच्या चिठ्ठीवरून ठरतं.

सगळ्यात आधी आभार त्या रिकाम्या स्वॅबचे. दर खेपेला एक स्वॅब पाकिटातून काढायचा, कशालाही न लावता द्रावणात बुडवायचा आणि बाकीच्यांबरोबर पाठवायचा. पाहणाऱ्याला हा वेडेपणा वाटेल. पण ॲडिनोव्हायरस या सापांना होणाऱ्या विषाणूसाठी पीसीआर (जनुकाच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढून तो शोधायची चाचणी) बहुधा दोन फेऱ्यांत करतात. पहिल्या फेरीतला थेंबभर माल दुसरीत घालतात, म्हणून अगदी मोजके रेणूही सापडतात. मात्र मधे नळी उघडावी लागते, आणि घात तिथेच होतो. झाकण उघडताना उडालेला तुषार शेजारच्या नळीत गेला, की निरोगी सापही आजारी ठरतो. रिकाम्या स्वॅबलाही पट्टी, म्हणजे विषाणू सापडल्याची खूण, उमटली, तर त्या दिवसाचे सगळे निकाल बाद. इतका स्वस्त आणि इतका खरा साक्षीदार दुसरा नाही.

स्वॅबही तुम्ही कापूस गुंडाळलेल्या लाकडी काडीचे वापरत नाही, प्लास्टिकच्या दांडीचे आणि कृत्रिम धाग्याचे वापरता. लाकूड आणि काही प्रकारचे धागे पीसीआर अडवतात. मग विषाणू असूनही निकाल कोरा येतो, आणि कोऱ्या निकालावर कुणाला शंका येत नाही.

एका पिशवीत एकच साप, हा तुमचा नियम. त्याचं महत्त्व रेप्टअरीनाव्हायरसच्या उदाहरणावरून कळेल. बोआ आणि अजगरांच्या एका जीवघेण्या रोगामागे हे विषाणू आहेत, हे २०१२ मध्ये पुढे आलं. त्यांचा जनुकसंच दोन तुकड्यांचा: मोठा साधारण ७,००० अक्षरांचा (अक्षर म्हणजे जनुकाच्या साखळीतला एक दुवा), लहान साधारण ३,५०० चा. पुढे दिसलं, की एकाच सापात मोठ्या तुकड्याचे कितीतरी वेगवेगळे प्रकार एकत्र नांदतात. आता दोन साप एका पिशवीतून आले असतील, तर हे मिश्रण सापाच्या अंगातलं की पिशवीतलं, हे कुठल्याही संगणकाला सांगता येणार नाही.

चिठ्ठीवर तुम्ही ‘ओकला: बेडूक’ असंही लिहिता. दिवड, म्हणजे पाणसाप, बेडूक आणि मासे खाते. रानाव्हायरस बेडकांना होतो, माशांना होतो, सरपटणाऱ्यांनाही होतो. त्याचा जनुकसंच एक लाख अक्षरांहून मोठा, पण ओळख पटवायला कवचाच्या मुख्य प्रथिनाच्या जनुकातला पाचेकशे अक्षरांचा तुकडा पुरतो. तो तुकडा दिवडीच्या विष्ठामार्गाच्या स्वॅबमध्ये मिळाला, तर आजारी कोण, दिवड की तिच्या पोटातला बेडूक? उत्तर यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या तुकड्यात. म्हणून नुसत्या स्वॅबवर न थांबता तुम्ही अवयवही पाठवता, हे फार बरं करता.

ते तुकडे तुरीच्या दाण्याएवढेच असतात. आरएनए (डीएनएचा लवकर नासणारा भाऊबंद) टिकवणारं द्रावण मांसात सावकाश मुरतं. मोठा तुकडा टाकला तर बाहेरून टिकतो आणि आतून नासतो. दाण्याएवढ्या तुकड्याला एक मिलिलिटर द्रावण, म्हणजे साधारण दहापट. रात्रभर फ्रीजमध्ये, मगच डीप फ्रीजरमध्ये. अख्खा साप मात्र गोठवायचा नाही, फ्रीजमध्ये ठेवून दिवसाच्या आत पोचवायचा. गोठला की पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासारखं काही उरत नाही. पेठ नाक्यावर एसटी बदलतानाही थर्माकोलचा डबा उन्हात राहू नये, इतकी काळजी तुम्ही घेता.

दुसऱ्या नळीत ९५ टक्के अल्कोहोल आणि शेपटीकडच्या मांसाचा तुकडा असतो. हा कशाला, असं तुम्ही विचारलं होतं. सापांच्या स्वतःच्या जनुकसंचात जुन्या विषाणूंचे अवशेष रुतून बसलेले असतात, बोर्नाव्हायरसचेही. बोर्नाव्हायरसचा जनुकसंच आरएनएचा, डीएनएचा नव्हे. त्याची अक्षरं सापाच्या मांसातल्या डीएनएतही सापडली, तर तो आजार नाही, पिढीजात ठेवा आहे. या नळीची चिठ्ठी तुम्ही पेन्सिलीने लिहून आत टाकता. मार्करची शाई अल्कोहोलने धुऊन जाते, आणि बिननावाची नळी फेकण्यापलीकडे कामाची नसते.

विषारी सापाच्या तोंडातला स्वॅब जिवंतपणी घ्यायचा नाही, आणि मेलेल्या सापाचं डोकंही बराच वेळ चावू शकतं, हे दोन्ही तुम्ही नव्या पोरांना बजावता. शिवाय साप उचलायचा हुक नुसत्या स्पिरिटने पुसून भागत नाही, हेही. ॲडिनोव्हायरसला मेदाचं आवरण नसतं, त्यामुळे स्पिरिटला तो सहजी दाद देत नाही. एक भाग घरगुती ब्लीच, नऊ भाग पाणी, दहा मिनिटं, मग स्वच्छ धुणं. ब्लीचने डीएनएही मोडतो, म्हणजे कालच्या सापाची खूण आजच्या नमुन्यात येत नाही.

आणि एक तुम्हाला आवडेल असं: सरपटणाऱ्यांचे विषाणू वाढवायला प्रयोगशाळांत वापरतात त्या पेशींपैकी एक वाण घोणसीच्या हृदयापासून केलेला आहे. आपल्या अंगाच्या ३७ अंशांवर नव्हे, तर तिशीच्या आतबाहेर तो वाढवतात.

पुढच्या एसटीने ४० नळ्या आणि ४४ स्वॅब पाठवतो आहोत. वरचे चार रिकाम्याचे.

आपली,
सांगलीच्या प्रयोगशाळेतली मंडळी